बांधायला हाय, झाडायला न्हाई

शिवकांता गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला बँकेच्या बाकड्यावर बसले होते. निवृत्त शिक्षिकेला दर नोव्हेंबरात आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं, ते पटवायला आले होते. मशीन काही माझा अंगठा ओळखत नव्हतं. तेवढ्यात तिच्या सुनेचा, सविताचा फोन आला. "मावशी, आई गेल्या. मिलमध्येच... खुर्चीत बसल्या बसल्या." अंगठा पदराला पुसला आणि लातूरची बस धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नेलं. लिंगायतांमध्ये माणसाला बसवून निरोप देतात. कपाळभर विभूती, फुलांचं मखर, त्यात ती ताठ बसलेली. मखर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवलं होतं. स्मशानभूमीच्या तोंडाशी अलीकडेच एक कमान उभी केली आहे. गुळगुळीत दगडाची, वर सोनेरी कळस आणि मधोमध ठसठशीत अक्षरात 'सुस्वागतम्'. स्मशानात सुस्वागतम्! ज्या पुढाऱ्याच्या निधीतून ही कमान झाली त्याचं नाव फोटोसकट खांबावर आहे. कमानीच्या आत मात्र रस्ताच नाही. कुठलीशी पाइपलाइन टाकायला खणलेला चर, तीच पाइपलाइन फुटून झालेला चिखल, आणि त्यात रुतलेला आमचा ट्रॅक्टर. शेवटी पुरुषांनी पायजमे वर खोचून मखर खांद्यावर घेतलं आणि पुढचं अंतर चिखल तुडवत पार केलं. शेजारी त्याच पुढाऱ्याचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक लागलेला होता. त्यात शिवकांताचा फोटो कोपऱ्यात आणि त्याचा हात जोडलेला फोटो मधोमध. मला रडू यायच्या आधी संताप आला. तिला तेच आवडलं असतं.

आमची ओळख नांदेडच्या कॉलेजातली. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती निलंग्याकडची, बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचा. मी बी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, ती लग्न होऊन लातूरला डाळमिलवाल्यांच्या घरात गेली. नवरा तरुणपणीच हृदयविकाराने गेला. दिराने मिल विकायचा सल्ला दिला, तेव्हा तिने त्यालाच मुनीम म्हणून राहायचं का विचारलं. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. पुढे सगळा मोंढा, म्हणजे अख्खा धान्यबाजार, तिला अक्का म्हणू लागला. तूर, हरभरा, मूग... हातात दाणे घेऊन ती भाव सांगायची आणि दिलेल्या भावापासून हलायची नाही.

तिची एक गोष्ट मोंढ्यात कुणालाच पचायची नाही. ती कर पूर्ण भरायची. बाकीचे व्यापारी यावर हसायचे, तिचा स्वतःचा कर सल्लागार तर कळवळायचा. मी एकदा विचारलं, या लोकांच्या हातात एवढे पैसे द्यायला तुला काहीच कसं वाटत नाही? ती म्हणाली, "वसू, मला शिव्या द्यायच्या असतेत. चोरी करून शिव्या देता येत न्हाईत."

आणि शिव्या तिने मनापासून दिल्या. मी लातूरला गेले की ती मला रिक्षात घालून गावातली प्रेक्षणीय स्थळं दाखवायची. तिच्या भाषेत, आपले पैसे बघायला जायचं. ज्या गावात नळाला पाणी कधी येईल याची बायका वाट बघत बसतात, तिथल्या चौकात संगीतावर नाचणारं कारंजं. त्यात पाणी कधीच नसायचं, गुटख्याच्या पुड्या असायच्या. एक जॉगिंग ट्रॅक थेट नाल्यात संपणारा. एक रस्ता असा की केला, गटारासाठी फोडला, परत केला, केबलसाठी फोडला. रिक्षावाल्याला ती मधेच थांबवायची आणि नुसती बघत राहायची. बाई देवदर्शनाला आल्यासारखी हात जोडून. तिचा तिरस्कार आरडाओरडा करणारा नव्हता. शेणात पाय पडल्यावर माणूस खाली बघतो, तसं ती त्या सगळ्याकडे बघायची.

पण नुसतं बघून भागेना अशी एक गोष्ट घडली. मोंढ्यातल्या मिलांमध्ये माल निवडायला बायका असतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून खडे, कचरा, फुटकी डाळ वेगळी करायची. पुरुष कुठल्याही भिंतीला उभे राहतात, बायकांनी कुठे जायचं? म्हणून त्या पाणीच पीत नसत. शिवकांताच्या मिलमध्ये रुक्मिणबाई नावाची बाई होती, तिची जुनी कामगार. उन्हाळ्यात ती एकदा निवडता निवडता कळवळून आडवी झाली. लघवीचा जंतुसंसर्ग वर किडनीपर्यंत गेला होता. डॉक्टरांनी पाणी का पीत नाही विचारलं तेव्हा रुक्मिणबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उत्तर शिवकांताने दिलं. आणि मग तिलाच लाज वाटली, असं ती मला म्हणाली. तिच्या केबिनला बाथरूम होतं, आणि आवारात बायकांसाठी काही बांधायला जागा नाही असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती.

गंमत अशी की संडास होता. तिच्या मिलच्या समोरच होता. सरकारी पैशाने बांधलेलं 'महिला स्वच्छतागृह', दर्शनी भागाला काळा ग्रॅनाइट, संगमरवरी पाटीवर उद्घाटकांची नावं. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली आणि त्याच दिवशी कुलूप लागलं. कारण आत पाणी नव्हतं. शिवकांता त्या कार्यालयात गेली. नाव घालत नाही, आपापल्या गावातलं कुठलंही धरा. तिथल्या अभियंत्याने सांगितलं की काम पूर्ण झालेलं आहे, फक्त हस्तांतरण बाकी आहे. ज्यांनी बांधलं त्यांनी दुसऱ्या खात्याला द्यायचं, आणि पाणी नाही म्हणून दुसरं खातं घेत नाही. मग पाणी द्या, ती म्हणाली. पाण्याचं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, वेगळं असतं, असं उत्तर मिळालं.

तिने भर दुपारी मिलच्या फिटरकडून कुलूप कापून घेतलं. आपल्या बोअरची पाइपलाइन रस्त्यापलीकडे नेली, टाकी बसवली, झाडायला दोन बायका पगारावर ठेवल्या. बायका पाणी प्यायला लागल्या. एवढीच क्रांती. त्यावर कार्यालयाला जाग आली आणि शासकीय मालमत्तेचा अनधिकृत ताबा घेतल्याची नोटीस तिला आली. सुनावणीला ती मला बरोबर घेऊन गेली. अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्याने आम्हाला चहा पाजला आणि तिला समजावलं की तिच्या भावना तो समजतो, पण पायंडा चुकीचा पडतो. तिने पाइप काढून घ्यायची तयारी दाखवली, फक्त नळजोडणी द्या आणि झाडणाऱ्या बायकांचा पगार दरवर्षीच्या अंदाजपत्रकात घाला. तो खुशीत आला आणि म्हणाला की झाडण्यासाठी तरतूद करता येत नाही, पण त्याच्याच शेजारी नवं स्मार्ट स्वच्छतागृह मंजूर करता येईल. सेन्सरचे नळ, आपोआप उघडणारं दार. त्यासाठी निधी पडून आहे, मार्चच्या आत संपवायचाय.

शिवकांताने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे बांधायला हाय, झाडायला न्हाई," ती म्हणाली. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

चार दिवसांत त्यांनी पाइप तोडला आणि नवं कुलूप घातलं. मला वाटलं ती ते पुन्हा कापेल. तिने तसं काही केलं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिलचा टेम्पो काढला, बायकांना बसवलं आणि सरळ त्या कार्यालयात नेलं. पहिल्या मजल्यावर अधिकाऱ्यांचं प्रसाधनगृह होतं. पांढऱ्या फरश्या, आरसा, हात धुवायला सुगंधी साबण. अंगावर डाळीचा भुसा घेऊन बायका कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून आपली पाळी येण्याची वाट बघू लागल्या. शिपाई धावत आला, मागून तो नम्र अधिकारी. हे फक्त स्टाफसाठी आहे, असं त्याचं म्हणणं. शिवकांताने त्याच्याकडे पाठ केली. ती रुक्मिणबाईकडे वळली. "तू काडेपेटी घेतीस, साबण घेतीस, त्यावर कर देतीस. हे तुझ्याबी पैशाचं हाय. जा आत."

रुक्मिणबाई आत गेली. दार लावून घेतलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये नळाचा आवाज ऐकू आला... सुनावणीनंतर मी लातूरलाच थांबले होते, म्हणून हे मला बघायला मिळालं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. अभिमान म्हणणं सोपं आहे, पण तो नव्हता. तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि हळूच विचारलं, "अक्का, हितं रोज यायचं का?"

रोज गेल्या. दुसऱ्या मिलांच्या बायकाही येऊ लागल्या. जेवणाच्या सुट्टीत काम रखडतं म्हणून व्यापाऱ्यांनी शिवकांताला समजावलं, दिराने तर हात जोडले. ती हटली नाही. शेवटी कार्यालयच हटलं. एवढी वर्षं न सापडलेलं पाण्याचं हेड एका आठवड्यात सापडलं. कुलूप निघालं, नळ आला. त्यानंतर अर्थातच पुन्हा उद्घाटन झालं. त्या दिवशी गालिचा खराब होऊ नये म्हणून सकाळपासून बायकांना आत सोडलं नाही. पुढाऱ्याने फीत कापली, भाषणात मातृशक्तीला वंदन केलं आणि गाडीत बसून गेला. आमंत्रण शिवकांतालाही होतं. ती समोर मिलमध्ये तुरीचे दाणे बघत बसली होती. झाडणाऱ्या बायकांचा पगार मात्र आजपर्यंत कुणी मंजूर केलेला नाही. तो मिल देते. अजूनही.

परवा, ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी, मी मिलमध्ये गेले. लांबच्या प्रवासाने आले होते, म्हणून सविताला म्हटलं की जरा केबिनमधलं बाथरूम वापरते. तिने ते दार उघडून दाखवलं. आत छतापर्यंत रिकाम्या बारदानाच्या थप्प्या होत्या. भांडं काढून टाकलेलं, नळाला बूच मारलेलं. नळ आला त्याच आठवड्यात आईंनी हे करून घेतलं, सविता सांगू लागली. आपल्यासाठी इथे सोय असली तर समोरचं कधी घाण झालं ते आपल्याला कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी इतक्या वर्षांत अनेकदा आले, पण उतरायचे तिच्या घरी; मिलमध्ये मला वाटायचं की ही आपली बायकांची चौकशी करायला समोर जाते.

आम्ही दोघी रस्ता ओलांडून गेलो. सुट्टीची वेळ होती, बायका रांगेत उभ्या होत्या. सविता मालकीण, तरी मुकाट शेवटी जाऊन उभी राहिली, तिच्यामागे मी. पुढून एकीने वळून पाहिलं आणि दुसरीला सांगितलं की ह्या अक्काच्या मैतरीण हायत. मला वाटलं आता मला पुढे बोलावतील. कुणी बोलावलं नाही. तिथे तशी पद्धतच नव्हती.