खिडकीपाशी थांबलेली टोपली

रोज सकाळी माझ्या खिडकीसमोरून दोरीला बांधलेली एक टोपली खाली जायची. अमिरातीत, फुजैरातल्या आमच्या इमारतीत नाना तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मी त्यांच्या खिडकीच्या सरळ खाली, पहिल्यावर. टोपली तळातल्या कोयाच्या दुकानाशी टेकली की वरून हाक येई, "कोया, दो खुबूस रोटी, एक दूध. यल्ला, जल्दी."

"नाना, लिफ्ट बंद पडलीय का?" मी विचारी.

"लिफ्टनं सामान येतं, साहेब. गप्पा राहून जातात. इटलीत, नेपल्सला सगळी गल्ली अशीच टोपल्या सोडून बोलते."

नाना मूळचे मालवणचे, तेलाच्या टर्मिनलवर पंप मेकॅनिक. मी त्यांचा वरिष्ठ. तरुणपणी बोटीवर खलाशी असताना पाय मोडला, तेव्हा बोट त्यांना नेपल्सला उतरवून निघून गेली. एका बेकरीवाल्या विधवेने त्यांना पाच महिने घरी ठेवून घेतले. नाना तिला 'आये' म्हणत. "आपल्या बाजारासारखीच भांडतात तिथं," ते सांगत, "पण हात जास्त चालतात. मारायला नाही, बोलायला." एकदा परत जायचे, एवढाच त्यांचा ध्यास होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आयेच्या मुलीचे पत्र आले. आई थकली आहे, तुला बघायचे म्हणते. नानांनी व्हिसाचा अर्ज भरून माझ्याकडे दिला. तो कंपनीच्या पत्रासह मी अबुधाबीच्या इटालियन वकिलातीत पाठवायचा होता. पण टर्मिनलवर नवे पंप बसत होते आणि नानांवाचून सगळे अडले असते. महिनाभराने पाठवू, म्हणून मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. ते विचारत, मी "इन्शाल्ला" म्हणे. एके दिवशी तोंडातून गेले, "नाना, व्हिसा नाकारला." पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असे. त्यांना पडताळायला जागाच नव्हती.

ते हातातला पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "त्यांचीही काही अडचण असेल."

दोन महिन्यांनी आये गेल्याचे कळले. त्या शुक्रवारी टोपली खाली न जाता माझ्या खिडकीपाशी थांबली. आत ताटलीत तळलेली सुरमई होती.

"घ्या, साहेब," वरून आवाज आला. "माझ्यासाठी एवढी खटपट केलीत."

सांगून टाकावे, असे ओठांपर्यंत आले. पण टोपली झुलत होती, नाना वर दोरी धरून उभे होते. मी ताटली उचलून घेतली.

मग नाना नोकरी संपवून मालवणला जाईपर्यंत दर शुक्रवारी सुरमई येत राहिली. आता नाना नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. रिकामे भांडे परत देऊ नये, म्हणून धुतलेल्या ताटलीत मी चिमूटभर साखर ठेवायचो आणि दोरीला हिसका द्यायचो. टोपली वर जायची.