आखूड कॉईलचा भागाकार

अक्षर वेडेवाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील. चौथीनंतर माझ्या हाताला पेन्सिल लागली ती किराण्याच्या यादीपुरती. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते. लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही.

माझे माहेर जळगावकडचे, केळीच्या भागातले. आई उन्हात केळी सुकवायची, ते मला येत होते. इकडे शिंदखेड्याजवळ सासरी आल्यावर तापीकाठची केळी स्वस्त मिळायची, पण पावसाळ्यात ऊन कुठून आणणार? म्हणून विजेवर चालणारे, केळी सुकवायचे जुने कपाट घेतले. पैसे नणंदेने दिले. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. ते पैसे त्यांनी स्वतःच्या शेवया मशीनसाठी साठवले होते. उन्हाळ्यात शेवयांचा हंगाम सुरू होण्याआधी ते परत करायचे, असे मी कबूल केले होते. कपाट बंद पडले असते तर माझ्याबरोबर त्यांचे मशीनही बुडाले असते.

कपाट बसवले गावातल्या वायरमन नानांनी. त्यांच्याकडे वायरभोवती लावायचे चिमट्यासारखे मीटर आहे. ते म्हणाले, "व्होल्ट दोनशे, अँपिअर चार." मला काही कळले नाही आणि विचारायची लाज वाटली. मी फक्त कॅलेंडरवर लिहून ठेवले.

महिनाभराने कपाटातली तापणारी तार, म्हणजे कॉईल, टोकाला जळून तुटली. नाना जळका तुकडा कापायला बसले. मी दाराआडून म्हणाले, "नाना, थोडी जास्तच कापा. आखूड झाली तर लाईट कमी लागेल."

"बराबर शे," नाना म्हणाले. "बारीक पोट, कमी खाई." आमच्याकडे शेगडीची कॉईल सगळे अशीच आखूड करतात. त्यांनी पाचवा हिस्सा कापून टाकला आणि मीटर लावले. दोनशे व्होल्ट, पाच अँपिअर. तेही मी लिहिले. नाना कधी आकडे लिहून ठेवत नसत.

त्यानंतर केळी बाहेरून काळी आणि आतून ओली निघायला लागली. संध्याकाळी तर जळका वास यायचा. दोन घमेली केळी म्हशीपुढे टाकली. अक्का एकदा येऊन नुसते कपाटाकडे बघून गेल्या.

मुलीचे जुने विज्ञानाचे पुस्तक माळ्यावर होते. त्यात विजेचा धडा सापडला. व्होल्टला अँपिअरने भागले की तारेचा रोध येतो, तो ओहममध्ये मोजतात. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट. भागाकार! शाळेत मला एवढे एकच चांगले जमायचे.

कॅलेंडर खाली काढले. दोनशे भागिले चार, पन्नास. दोनशे भागिले पाच, चाळीस. तार आखूड झाली तसा रोध कमी झाला आणि वीज जास्त धावली. मग गुणाकार केला. आधी आठशे वॅट, आता हजार. आखूड कॉईल जास्त खात होती, आणि ती कापा म्हणून मीच सांगितले होते. दोनदा पुसून पुन्हा मांडले, उत्तर तेच. मला हसू आवरत नव्हते.

पण संध्याकाळीच का जळते? शेतातल्या मोटारी बंद झाल्या की आमच्याकडे बल्ब लख्ख होतो. नाना म्हणायचे, तेव्हा व्होल्ट दोनशे चाळीस होतात. दोनशे चाळीस भागिले चाळीस, सहा. गुणले तर एक हजार चारशे चाळीस वॅट. केळी काय टिकणार?

नानांना बोलवून घेतले. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाले, "नाना, मोटारी बंद झाल्यावर मीटर लावा. सहा दाखवेल."

"तुले कोनी सांगं?"

"भागाकार केला."

नाना हसले. "तीस वरीस व्हयनात मले ह्या कामात, सूनबाई. आखूड तार जास्त खाई का?"

तरी थांबले. बल्ब लख्ख झाला, त्यांनी चिमटा लावला. पाच पॉइंट नऊ. नाना मीटरकडे बघत राहिले, मग माझ्या कॅलेंडरकडे, जिथे सगळे आकडे लिहिलेले होते. "बठ्ठं लिखेल शे का?" म्हणाले आणि चष्मा काढून पुसला. "आते सांग, कितली लांब टाकू?"

असे मला आयुष्यात कोणी विचारले नव्हते. आधी मी म्हणाले, "पुन्हा मांडून सांगते." पण उत्तर डोक्यात तयारच होते. मोटारी बंद झाल्यावरच कपाट लावायचे ठरवले. तेव्हा व्होल्ट दोनशे चाळीस, आणि मला हवे होते आधीसारखे चार अँपिअर. म्हणजे साठ ओहम.

नवी तार आणायला धुळ्याच्या दुकानात मी स्वतः गेले. दुकानदाराने विचारले, "किती वॅटची देऊ, ताई?" मी म्हणाले, "वॅट राहू द्या. मीटर लावा आणि साठ ओहमला तार कापा." त्याने मान वर करून पाहिले, पण कापली.

त्या संध्याकाळी मीटरवर चार आले. केळी मधाच्या रंगाची निघाली, आतपर्यंत सुकलेली. पहिला तुकडा नानांना दिला. ते चावत चावत म्हणाले, "आते मन्हा घरनी इस्त्रीना भागाकार करी दे."

माल दर आठवड्याला धुळ्यातल्या देवपूरच्या दुकानात जायला लागला. होळीच्या आधी अक्कांकडे शेवटचे दोन हजार घेऊन गेले. त्यांनी ते न मोजताच पदरात बांधले आणि म्हणाल्या, "फिटलं सगळं."