हरलेल्या उमेदवाराच्या दारातला नळ

“साहेब, नळ भाऊरावच्या दुकानासमोर लावा.”

दयारामजींचे हे वाक्य ऐकून मी हातातला टेप गुंडाळता गुंडाळता थांबलो. दयारामजी त्या वॉर्डाचे नगरसेवक. लोक त्यांना ‘मेंबर’ म्हणत. भाऊराव सायकल दुरुस्त करीत आणि नुकत्याच झालेल्या निवडणुकीत ते दयारामजींकडूनच हरले होते.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, भंडारा जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेतली. मी तिशी उलटल्यावर ओव्हरसियर म्हणून रुजू झालो होतो. शिक्षण पुरेसे होते. चारचौघांत बोलण्याचे धैर्य नव्हते. वॉर्डाला एकच स्टँडपोस्ट, म्हणजे चार तोट्यांचा सार्वजनिक नळ, मंजूर होता. पाण्याचा दाब पाहता दोनच जागा योग्य होत्या: मेंबरांचे दार किंवा भाऊरावांचे. शेजारच्या वॉर्डातल्या नळाच्या पितळी तोट्या चोरीला गेल्या होत्या आणि तिथल्या बायका पुन्हा तलावावरून घागरी आणू लागल्या होत्या. इथेही तसेच व्हायला नको होते.

“आपल्या दारासमोरही दाब तेवढाच आहे,” मी चाचरत म्हणालो.

“मी दिवसभर वावरात, धानाच्या बांधीत. भाऊराव दिवसभर दुकानात बसून राहते. अन् तोटी गळली तं मी काय करीन? तुमाले चहा पाजून सबुरीनं सांगीन. तो आफिसात येऊन बोंबलते. कोनाचं काम आधी करता, सांगा!”

मी टेप पुन्हा उलगडला.

एवढ्यात भाऊराव बाहेर आले. “काहून मेंबर, माह्या दारात चिखल करून राहिले का?”

“झाला चिखल तं माह्या नावानं ओरड न बाप्पा. तुले तेच पायजे!”

भाऊराव खरोखरच ओरडू लागले. “मेंबरच्या नळाले वायसर नाही!” वायसर म्हणजे तोटीतला वॉशर. ही आरोळी ऑफिसच्या पायरीवर ऐकू आली की मुख्याधिकारी मला म्हणत, “आधी ते काम उरका.” तोट्यांना हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही. नळ चालत राहिला.

पुढच्या निवडणुकीत भाऊराव निवडून आले. नळ कोणी आणला यापेक्षा तो कोणी चालू ठेवला, हे बायकांच्या अधिक लक्षात होते. दयारामजींना काय वाटले असेल, याचे मला कुतूहल होते. विचारण्याचे धाडस झाले नाही.

मग एके सकाळी ऑफिसच्या पायरीवरून ओळखीचा, पण कधी न चढलेला आवाज आला.

“ओ साहेब! भाऊराव मेंबरच्या नळाले वायसर नाही!”

मी पाना घेऊन निघालो. एका वॉर्डाला निवडून आलेला एक माणूस लागतो आणि हरलेलाही एक, एवढे मी त्या नोकरीत शिकलो.