मास्तरांचा डावा पाय

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. पँट त्यांनी शिवावी आणि गिऱ्हाइकाने आरशापुढून हलूच नये. पण मशीन चालतं पायांवर, आणि त्यांचा डावा पायच रुसून बसला. आधी नडगीवर जांभळे डाग उठले, मग पाऊल सुजून चपलेत मावेना. मास्तर लांब मोजे चढवून म्हणत, "रक्त बिघडलंय जरा." झाकली मूठ सव्वा लाखाची!

खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी तपासणीत एचआयव्ही निघाला होता. गोळ्यांवर ते ठणठणीत होते. मग एकदा औषधाच्या रांगेत एक ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं, आणि मास्तरांनी त्या खिडकीकडे पाठ फिरवली ती दोन वर्षं.

दुकानात काजंबटणं करणाऱ्या थोरल्या ताईने शेवटी त्यांना ओढतच इस्पितळात नेलं. डागाचा तुकडा तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा कॅन्सर आहे. प्रतिकारशक्ती ढासळली की डोकं वर काढतो. तुमच्या एचआयव्हीचं घरी कुणाला माहीत आहे का?"

मास्तर बाहेर आले, बाकावर ताईशेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. ताईने पिशवीचा बंद बोटाला करकचून गुंडाळला.

"आणि तू गोळ्या सोडल्यास? लोक काय म्हणतील म्हणून स्वतःच्या जिवावर उठलास?"

"चुकलं, ताई."

"चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. ऊठ."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. शिवाय दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून लालसर औषध. "हे चरबीच्या इवल्या इवल्या फुग्यांत भरलेलं आहे," डॉक्टरबाईंनी समजावलं. "डागांपर्यंत जास्त पोचतं, हृदयाला त्रास कमी."

"म्हणजे अस्तर लावलेलं," मास्तर म्हणाले.

पहिल्या खेपेला पाच मिनिटांतच चेहरा लालबुंद झाला, छाती आवळली. सिस्टरने सलाइन थांबवलं, मग अगदी हळू सोडलं, तेव्हा निभावलं. तिसऱ्या खेपेनंतर तळहात सोलवटले. कात्री धरवेना, इस्त्री तर लांबच. मास्तर खडूने रेघ मारत, ताई कापत असे.

"वाकडं गेलं!"

"तुझी नजर वाकडी. गप्प बस."

पुढचा डोस लांबवला, तेव्हा हात भरून आले.

सहाव्या खेपेपर्यंत सूज उतरली, डाग फिकट तपकिरी झाले. "हे औषध आता थांबवू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळ्या मात्र जन्मभर."

त्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक बसचालक जांभळे डाग उठलेल्या पायांवर चादर ओढून बसला होता. मास्तरांनी खुर्ची सरकवली आणि पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. "बघा. हे सगळं जांभळं होतं."

बसचालकाने वाकून नीट पाहिलं. "पहिल्या दिवशी फार त्रास होतो का हो?"

"होतो कधीकधी. लगेच सिस्टरला सांगायचं, लाजायचं नाही."

ताई दारात ताटकळत होती. मास्तर अजून अर्धा तास तिथेच बोलत बसले.