दिवा पेटला का?

प्रिंटर जोडून झाला की एखादा स्क्रू हातात उरतोच. कमरीपेठेतल्या आमच्या दुकानात असल्या स्क्रूंचा डबा भरलाय. किस्सेही तसेच उरलेत. मी सातवी नापास माणूस. पण हल्ली स्क्रूड्रायव्हर धरला की हात थरथरतो, पेन धरलं की थरथरत नाही. म्हणून लिहितो.

दुकानात आम्ही दोघंच म्हातारे, मी आणि बसण्णा. इंकजेट प्रिंटरचे पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. त्यात एक मोठा कपॅसिटर असतो. प्लग काढला तरी कधीकधी हा हरामखोर आत वीज धरून बसतो. पहिल्यांदा मला त्याने मारलं तेव्हा मी स्टुलासकट मागे पडलो. बसण्णा वरून वाकून म्हणाला, "सत्तिल्लल्ला? मेला नाहीस ना? मग ऊठ की."

त्या दिवसापासून दोन नियम. डावा हात खिशात, म्हणजे झटका बसला तरी वीज छातीतून दुसऱ्या हातात जात नाही. आणि हात लावण्याआधी जुन्या दिव्याच्या दोन तारा कपॅसिटरला टेकवायच्या. वीज असली तर दिवा एकदा भपकन पेटतो. मग आत काही उरत नाही.

*

केशवापूरचे एक वकील प्रिंटर स्वतःच उघडून घेऊन आले. आत बोट घालून दाखवायला लागले, "इथे काहीतरी जळलंय."

"बोट काढा साहेब."

"अहो, प्लग घरी काढलाय मी. वीज येणार कुठून?"

मी त्यांच्या बोटाशेजारी तारा टेकवल्या. दिवा भपकन पेटला.

आता वकीलसाहेब पायरीच्या खाली उभं राहूनच बोलतात. आतलं स्टूल देऊ केलं तरी नको म्हणतात.

*

अमरगोळच्या अडत दुकानातून एक प्रिंटर आला. फ्यूज उडालेला, आत कुजका वास. उघडला तर कपॅसिटरच्या दोन टोकांवर आडवी पडलेली पाल, काळी ठिक्कर.

बसण्णाने चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. म्हणाला, "हिने डावा हात खिशात ठेवला नव्हता."

मी हसलो. पण त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

*

फ्यूज उडालेला असला की मला बरं वाटतं. फ्यूज चांगला आणि प्रिंटर मेलेला, हे वाईट. म्हणजे वीज आत येते, पुढे जात नाही, कपॅसिटरात दबा धरून बसते.

असलं काम मी बसण्णाला देत नव्हतो. त्याला साखर आहे. बोटं बधिर. एकदा तापलेलं सोल्डरिंग आयर्न बोटाला टेकलं होतं, याला कळलं ते जळल्याचा वास आल्यावर.

त्याची बायको गंगाक्का दुकानात आली. उभ्याउभ्याच मला म्हणाली, "अण्णा, यांना घरी बसा म्हटलं तर ऐकत नाहीत. तुम्ही तेवढं लक्ष ठेवा."

ठेवतो म्हणालो. माझं तोंड रस्त्याकडे, गिऱ्हाइकांकडे. त्याचं टेबल माझ्या पाठीमागे. म्हणून त्याने सप्लाय उघडला की मी वळून न बघता ओरडायचो, "दिवा पेटला का?"

"पेटला."

मग मी परत गिऱ्हाइकाशी बोलायला लागायचो.

*

परवा दुपारी एका शाळेच्या बाईंचा प्रिंटर आला. फ्यूज चांगला, प्रिंटर मेलेला. बसण्णाच्या टेबलावरून दिवा उचलला, तारा टेकवल्या. पेटला नाही. म्हणजे रिकामा.

हात घालणारच होतो. पण मी जन्माचा संशयी. मीटर लावला. काटा तीनशे व्होल्टच्या वर.

दिवा तारांतून काढून भिंतीवरच्या होल्डरमध्ये घातला, बटण दाबलं. काही नाही. कानाशी हलवला. आत तुटलेली तार किणकिणली.

"बसण्णा, हा तर उडालाय."

"असेल."

"असेल काय? सकाळपासून चार वेळा विचारलं, चारी वेळा पेटला म्हणालास."

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मला हल्ली कुठे दिसतंय नीट? तू विचारतोस, म्हणून म्हणतो."

चार उघडे सप्लाय त्याच्यापुढे ओळीने ठेवलेले होते. त्याचा डावा हात खिशात होता.