सरळ माणसाचं जहाज

आमच्या ह्यांना वाकडं म्हणून काही खपत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं झालं की ह्यांच्या पोटात दुखायला लागतं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी तिथल्या तसबिरी सरळ करणार, मग खुर्चीवर टेकणार. धंदाही तसाच मिळाला, कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हे मागच्या खोलीत बसून दात रचतात. एकेक दात असा ओळीत, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

आणि अशा माणसाला सासरा कोण मिळावा, तर माझा बाप!

बाबा जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांना रांधून घालायचे. माल वाहणारं शिडाचं लाकडी जहाज होतं ते, आमच्या बंदरातलं शेवटचंच. बाबांची सगळी जवानी त्याच्यावर गेली. ते मोडीत निघालं तेव्हा बाबा जमिनीवर उतरले खरे, पण मनानं कधी उतरलेच नाहीत. जहाजाचं नावही घ्यायचे नाहीत, नुसतं 'ती' म्हणायचे. "ती असती तर मी कशाला इथे भाजी निवडत बसलो असतो?" आई म्हणायची, "ही तुझ्या बापाची पहिली बायको बरं का. मी आपली नंतरची."

आमचं लग्न झालं आणि ह्यांनी मोठ्या हौसेनं बाबांसाठी कवळी केली. बाबांनी ती लावली, आरशात पाहिलं, काढली आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, हे माझे दात नाहीत. कुणातरी नटाचे दिसतात." आता 'ते' समोरच बसलेले! पण त्या दिवसापासून बाबा ह्यांच्याशी थेट म्हणून बोलले नाहीत. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले, तरी तेच. दोघं जेवायला शेजारी शेजारी बसणार आणि बाबा म्हणणार, "त्यांना म्हणावं, मीठ सरकवा." मग मी म्हणणार, "अहो, मीठ सरकवा." हे सरकवणार. मी ह्या घरातली बायको आहे, लेक आहे की पोस्टमन, मलाच कळेनासं झालं होतं. कवळी कपाटात डबीत पडून, आणि बाबा टोस्ट चहात बुडवून बुडवून खाणार. हट्ट म्हणजे हट्ट!

ह्यांना ते फार लागलं होतं. बोलून दाखवत नसत, पण एकदा दात घासून गुळगुळीत करता करता म्हणाले, "अगं, गावभरची तोंडं हसती केली मी. या एका माणसाला माझ्या हातचं काहीच आवडू नये?" मला भरून आलं. बाबा थकत चालले होते, नजरही अधू झाली होती. असंच राहून गेलं तर हे जन्मभर मनाला लावून घेणार, हे मला ठाऊक होतं. मग ह्यांनी एक दिवस जाहीर केलं, की बाबांची 'ती' करायची. लहानशी, टेबलावर मावेल एवढी, पण हुबेहूब.

आता ह्यांचा आणि समुद्राचा संबंध काय? तर काही नाही. शिडं कशी बांधतात ते बघायला म्हणून एका मच्छीमाराच्या होडीत बसले आणि शिडं बघायच्या आधीच पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करून आले. पण माणूस चिकट. बंदराच्या कचेरीत खेटे घातले. जुन्या सुतारांची पोरं शोधून काढली. संग्रहालयात गेले, तर मलाही बरोबर नेलं. तिथे एका जुन्या गलबताचा सांगाडा ठेवलाय. त्याचा तळ कसा जोडलाय ते पाहायला हे खुशाल फरशीवर उताणे झोपले. पहारेकऱ्याला वाटलं, म्हातारबुवा चक्कर येऊन पडले. तो पाणी घेऊन धावत आला, आणि हे त्यालाच म्हणतात, "जरा बॅटरी धरता का?" मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्या संग्रहालयातल्या बाई मात्र भल्या. त्यांनी शोधून शोधून दोन गोष्टी काढून दिल्या. एक जहाज बांधतानाचा नकाशा आणि दुसरा एक फोटो, बऱ्याच वर्षांनंतर काढलेला. फोटो चौकटीत बसावा म्हणून कुणीतरी खालचा पाण्याचा भाग कापून टाकलेला. उरल्या होत्या त्या नुसत्या डोलकाठ्या, शिडं, दोरखंड आणि आभाळ. डोलकाठ्या एका अंगाला झुकलेल्या. ह्यांनी भिंग लावलं, पट्टी लावली आणि कपाळाला हात लावला.

"फोटोवाल्यानं कॅमेरा वाकडा धरलाय. साधं सरळ धरता येत नाही लोकांना!"

आणि फोटो फिरवून सरळ केला. नकाशाशी ताडून पाहिला, तर सगळं तंतोतंत जुळलं. हे खूश.

मी म्हटलं, "अहो, घरात बसलेल्या माणसाला विचारा की! सगळी जवानी काढलीय त्यांनी तिच्यावर."

"कसं विचारू? माझ्याशी बोलतात का ते?"

"मग मी विचारते."

"नको. कळलं तर आधीच नाक मुरडतील."

झालं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मागच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. दातांच्या मेणानं दोऱ्या घोटल्या, दात कोरायच्या हत्यारांनी फळ्या कोरल्या, चिमट्यानं गाठी मारल्या. एका बाजूला प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले आणि मधोमध जहाज. गिऱ्हाईकं दात न्यायला येत आणि जहाज बघत बसत. बाबा पुढच्या खोलीतून मला म्हणायचे, "त्यांच्या खोलीतून हल्ली लाकूड तासल्याचा वास येतो. दात लाकडाचे करायला लागले की काय?" मी आपली हूं की चूं न करता कपडे घड्या करत बसायची.

दोन-तीन वर्षं हे चाललं. अखेर एका दुपारी चहा झाल्यावर ह्यांनी जहाज आणून बाबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. मी पदराचं टोक पिळत उभी.

बाबांनी आधी लांबूनच पाहिलं. मग जवळ वाकून बोटांनी चाचपायला लागले. पुढची टोकदार नाळ, शिडं, सुकाणू. मागची स्वयंपाकाची खोपटी सापडली तिथे बोट थांबलं. तिचं एवढंसं छप्पर उचललं, तर आत चूल. आता बोलतील, मग बोलतील म्हणून आम्ही श्वास धरून उभे, आणि बाबा माझ्याकडे वळून म्हणाले,

"त्यांना सांग, काम चांगलं आहे. पण ही ती नव्हे."

ह्यांचा चेहरा खाडकन उतरला. मटकन खुर्चीवर बसले. मग माझं डोकं सटकलं. "बाबा, हद्द झाली हं! हा माणूस समुद्रात ओकला तुमच्यासाठी, फरशीवर लोळला तुमच्यासाठी, आणि तुम्हाला दोन गोड शब्द काढवत नाहीत? आणि निरोप माझ्याकडे कसले देता? हे काय बहिरे आहेत?"

बाबा उठले आणि काठी टेकत आपल्या खोलीत गेले. मला वाटलं, रुसले. तेवढ्यात आतून पलंग खडखडल्याचा आवाज आला. मी धावणार, तोच बाबा दारात आले. हातात पाचर होती.

ती पाचर मी जन्मापासून बघत आलेय. बाबांच्या पलंगाच्या उजव्या पायांखाली कायम अशा दोन पाचरी असतात. जाडजूड, एका टोकाला निमुळत्या, काळ्या पडलेल्या. किती घरं बदलली, पण पाचरी बाबांच्या खिशातून बरोबर यायच्या. पलंग नेहमी डावीकडे उतरता, आई रात्रभर भिंतीकडे घरंगळायची आणि सकाळी बडबडायची. आम्हाला वाटायचं, आहे एकेकाची खोड. इथे ह्यांनी एकदा त्या काढून पलंग सरळ केला होता, तर बाबांनी दुसऱ्या दिवशी निमूट परत बसवल्या. का, ते आम्ही कुणी कधी विचारलंच नाही.

बाबांनी जहाजाच्या बैठकीखाली उजव्या बाजूनं पाचरीचं निमुळतं टोक घातलं आणि हळूहळू आत सरकवलं. जहाज डाव्या अंगाला कललं. बाबा मागे झाले, मान तिरकी करून पाहिलं आणि हसले. पार बोळकं दिसेपर्यंत हसले.

"ही बघा. आता आली. लंगडी म्हणायचो आम्ही तिला. खडकाला घासली होती एकदा, तेव्हा डावी बाजू नव्या लाकडानं बांधली. लाकूड जड निघालं. मग माल कसाही भरा, कलायची ती कलायचीच. ही पाचर तिच्यावरचीच, चुलीखाली लावायचो, भांडं सरळ राहावं म्हणून. आणि जमिनीवर उतरलो तर सरळ पलंगावर मलाच झोप येईना."

"म्हणजे फोटो बरोबर होता!" हे ओरडलेच. "मीच तिला सरळ केली!"

"तुमची चूक नाही हो, जावईबापू," बाबा म्हणाले. "तुम्ही माणूसच सरळ."

मी सवयीनं निरोप सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. बाबा ह्यांच्याशी बोलत होते! ह्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. मला रडू फुटत होतं, म्हणून मी आपलं भलतंच काढलं, "अहो पण बाबा, एक पाचर इथे ठेवलीत, आता तुमचा पलंग डुगडुगेल ना?"

"जावईबापू देतील की दुसरी करून." बाबा खुर्चीत बसले आणि जहाजाकडे बघत राहिले. मग गालावरून हात फिरवत म्हणाले, "आणि हो, ती कपाटातली कवळी. तिच्यात पुढचा एक दात जरा वाकडा करून मिळेल का? माझा होता तसा?"

भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केल्याशिवाय ज्यांना घास गिळवत नाही, ते आमचे हे ताडकन उठले, खुर्ची बाबांच्या जवळ ओढली आणि विचारलं,

"किती वाकडा?"