मोठ्या बाई हो म्हणाल्या होत्या

बोलायचं म्हटलं तर मी तासभर बोलू शकतो. माईक नसला तरी चालतं. वडवणीत आणि आसपासच्या चार गावांत कुठंही मला उभं करा – जयंतीचं स्टेज असो, निरोप समारंभ असो, कुणाची शोकसभा असो – शब्द कमी पडायचे नाहीत. असा मी माणूस, आणि एक वाक्य आठ वर्षं झाली, माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, भावासमोर नाही. जिला ते सांगायला हवं तिच्यासमोर तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धाडस कसलं? काहीच नाही. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सुजाता माझी एकुलती एक मुलगी, आता वीस वर्षांची. तिला ऐकू नीट येतं – कान दोनदा तपासून आणले. समजतंही सगळं, कधी कधी आपल्यापेक्षा जास्त. पण सांगायला गेली की शब्द हाताला लागत नाहीत. चाळणी हवी असली तर म्हणेल, "ते... पिठाचं... भोकं असलेलं." वाक्य लांब झालं की त्यातले शब्द जागा बदलतात. "येणार होती काल आजी, न्हाई" – असं. तुम्ही थांबलात तर ती सगळं सांगते. बस, थांबावं लागतं. आणि मला थांबता येत नव्हतं. तिचं अर्धं वाक्य मीच पुरं करून टाकायचो आणि वर म्हणायचो, "हेच ना?" ती मान हलवायची. कितीदा तिला दुसरंच काही म्हणायचं असेल – कुणास ठाऊक.

आता आमच्या वस्तीचं सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. आम्ही बौद्ध. आमच्याकडं पोर बोलायला लागलं की त्याला खेळणं देण्याआधी भाषण पाठ करून देतात. एप्रिलमध्ये जयंतीला स्टेज लागतं, आणि पाच-सहा वर्षांची पोरं खुर्चीवर उभी राहून "मी जे दोन शब्द सांगणार आहे ते शांत चित्तानं ऐकून घ्यावेत" असं म्हणत हात उंचावतात. बाया डोळे पुसतात. माझे वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात राबले. पण मी त्या स्टेजवर पहिल्यांदा बोललो त्या दिवशी ते वस्तीतून असे चालले की जणू शेत त्यांचंच आहे. बोलणं म्हणजे आमच्याकडं नुसतं बोलणं नाही हो. तीच आमची कमाई.

सुजाता सहा वर्षांची असताना मी तिला त्या खुर्चीवर उभं केलं. महिनाभर तयारी करून घेतली होती. "मी जे दोन..." इथं ती थांबली. समोर शे-दीडशे माणसं. ती शब्द शोधत होती, मला दिसत होतं. अजून थोडं थांबलो असतो तर? मी पुढं झालो, तिला खुर्चीवरून उचललं आणि हसत म्हणालो, "घाबरली आमची पोरगी." लोकही हसले. ती घाबरलेली नव्हती. पुन्हा कधी मी तिला स्टेजकडं नेलं नाही, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही घरात कधी बोललोही नाही.

आमच्या नोकरीत दर वर्षी एक यादी भरावी लागते – वर्गातल्या कुठल्या मुलाला बघण्याची, ऐकण्याची, बोलण्याची अडचण आहे. आईबाप नाव घालू देत नाहीत. मी त्यांच्या घरी जायचो, चहा प्यायचो आणि समजावायचो. "लाज कसली त्यात? पोराचाच फायदा हाय." या कामात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. केंद्रातले, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांतले, इतर शिक्षक अवघड पालकाकडं मलाच पुढं करायचे. सुजाता माझ्याच शाळेत सातवीपर्यंत शिकली; तिथली यादी मीच भरायचो. सातही वर्षं तिच्या वर्गाच्या यादीत 'बोलण्याची अडचण' या रकान्यात मी काय लिहिलं असेल? निरंक.

सातवीनंतर आमची शाळा संपते. आठवीला कुठं घालायचं? आमच्याकडं एक तरुण विशेष शिक्षक मोटारसायकलवर शाळा-शाळा फिरायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सर, रागावू नका. सुजाता हुशार हाय. फकस्त भाषा तिला उशिरा येती. धारूरला एक शाळा हाय, तिथल्या मोठ्या बाई अशा पोरांना लई चांगलं सांभाळतात. एकदा दाखवून तरी आणा." मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. पण त्यानं हे सुजाताच्या आईलाही सांगितलं होतं, आणि तिनं माझ्यामागं लकडा लावला. धारूरला तिची बहीण राहते, पोरीच्या राहण्याची सोय होती. माझ्या मनात बीडची एक मोठी शाळा होती, वसतिगृह असलेली. माझ्या भावाचा मुलगा तिथूनच डॉक्टरकीला लागला होता.

शेवटी जूनमध्ये एका सकाळी मी आणि सुजाता एसटीनं धारूरला गेलो. शाळा साधीच. पत्र्याच्या तीन खोल्या, बाकी सिमेंटच्या. मोठ्या बाईंच्या खिडकीबाहेर सीताफळाचं झाड होतं, त्याला सुपारीएवढी फळं लागलेली. बाईंनी सुजाताला नाव विचारलं नाही, पाढे विचारले नाहीत. खिडकीकडं बोट करून म्हणाल्या, "हे पिकलं कवा, ते कसं ओळखायचं गं?"

सुजातानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं – आणि बाईंनी माझ्याकडं न बघता हात वर केला. थांबा, म्हणून.

"हिरवं असतं," सुजाता म्हणाली. "मग ते... वरचं... ते..." बाई थांबल्या. बाहेर कुणीतरी बादली आपटली, तरी थांबल्या. "डोळे," सुजाता म्हणाली. "डोळे मोठे होतात. मधी पांढरं दिसतं. मग काढायचं. गव्हात... न्हाई... तांदळात ठेवायचं."

"दाबून बघायचं न्हाई?"

"न्हाई! दाबलं की काळं. वाया."

बाई खळखळून हसल्या आणि सुजाताही हसली. मग ती आजीच्या घरामागच्या झाडाबद्दल बोलली, तिथल्या माकडांबद्दल बोलली, फळं लपवायची युक्ती सांगितली. माझी मुलगी एका अनोळखी बाईशी एवढं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला आनंद व्हायला हवा होता ना? खरं सांगतो – मला अपमान वाटला. बारा वर्षं जे माझ्यापाशी झालं नाही, ते या बाईनं नुसतं गप्प बसून करून दाखवलं होतं.

बाईंनी तिला शिपाईमावशींबरोबर शाळा बघायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, "आमी घेतो हिला. आनंदानं घेतो." एक कागद पुढं केला. त्यावर सही केली की तिचं नाव यादीत जाणार होतं. रोज एक तास बोलण्याचा, परीक्षेला जादा वेळ. तोच रकाना. मी चार घरांत जाऊन ज्याच्यासाठी सह्या घेत होतो, तोच. मी कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणालो, "घरी विचारून कळवतो."

बसस्टँडवर आमच्याच केंद्रातला एक शिक्षक भेटला. "सर, हिकडं कावून? पोरीला घेऊन?" मी म्हणालो, "मावशीकडं आलतो तिच्या." सुजातानं माझ्याकडं बघितलं. ती काही सांगणार, तेवढ्यात मी फुटाण्याची पुडी घेऊन तिच्या हातात दिली. खा, म्हणालो. म्हणजे तिचं तोंड बंद केलं मी, दुसरं काय?

घरी तिची आई भाकरी थापत होती. हात तसेच पिठाचे ठेवून तिनं विचारलं, "काय म्हणल्या?" सुजाता दारात उभी होती, चप्पल काढत.

आता ते सांगतो. जागा भरल्या म्हणालो असतो, चाललं असतं. शाळा लांब पडते, पाण्याचे हाल आहेत – काहीही चाललं असतं. पण मग तिची आई पुढच्या आठवड्यात स्वतः गेली असती. मी तिला ओळखतो. तिला गप्प करायचं होतं, कायमचं. म्हणून मी म्हणालो, "न्हाई म्हणल्या. हिला बोलता येत न्हाई, आमी घेणार न्हाई म्हणल्या."

सुजाता एका पायात चप्पल घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मी बोलले ना, पप्पा."

शब्द सगळे जागच्या जागी होते. एकही शोधावा लागला नाही तिला.

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

दोन दिवसांनी शर्ट धुवायला गेला. बायकोनं खिशातून कागदाचा लगदा काढला आणि विचारलं, हे काय होतं? एसटीचं तिकीट, म्हणालो. पंधरा दिवसांनी मोठ्या बाईंचा फोन आला. मी घराबाहेर जाऊन घेतला. "पोरगी कवा पाठवताय? मी वाट बघायलेय." मी सांगितलं, बीडला घातली. त्यांनी विचारलं, "तिथं ऐकून घेतील ना तिचं?" मी हो म्हणालो.

ऐकायला तिथं कुणाला वेळ होता? एका वर्गात सत्तर पोरं. मी दर महिन्याला वसतिगृहात भेटायला जायचो. पहिल्या महिन्यात तिनं खोलीतल्या मुलींची नावं सांगितली. दिवाळीत घरी आली तेव्हा "हो" आणि "न्हाई"वर आली होती. पुढं पुढं तर खांदे उडवायची. दहावीला दोन विषय राहिले; तोंडीला ती उभी राहिली आणि बसली, एवढंच तिच्या बाईंनी मला सांगितलं. पुढं वडवणीत कशीबशी बारावी झाली. वस्तीत लोक म्हणतात, सरांची पोरगी लई शांत. कौतुकानं म्हणतात.

तिची आई अजूनही त्या धारूरच्या बाईंना शिव्या देते. "एवढ्याशा पोरीला तोंडावर न्हाई म्हणली. तिचं भलं व्हायचं न्हाई." मी समोर बसून जेवत असतो. एकदा तर मीही म्हणालो, "जाऊ दे, असतात अशी माणसं." हो, हेही म्हणालो मी. जिनं माझ्या मुलीचं ऐकून घेतलं अशी ती एकच बाई, आणि आमच्या घरात तिचं नाव काढलं की भांडी आपटतात. सुजाता मावशीकडं जात नाही. मावशीनं बोलावलं की पोट दुखतं म्हणते.

हे एवढ्यात का सांगावंसं वाटलं? गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला सांभाळणारं माणूस हवं होतं. पेपर लावायचे, पुस्तकं द्यायची-घ्यायची. सुजाताला ते मनापासून हवं होतं. तिथलं कुठलंही पुस्तक तिला डोळे मिटून सापडतं. गेल्या आठ वर्षांत तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. समितीतली पाच माणसं, सगळी घरचीच म्हणावीत अशी. ते म्हणाले, तिला येऊ द्या, काय करायचं म्हणते ते दोन शब्दांत सांगू द्या. मी घरी येऊन तिला सांगितलं. म्हटलं, घाई कुणाला न्हाई, हवा तेवढा वेळ घे, मी थांबतो. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी करू.

ती म्हणाली, "तुमीच बोला, पप्पा. मी बोलले की... घेत न्हाईत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती समोर बसली होती, तिची आई बाहेर गेली होती, घरात कुणी नव्हतं. वाक्य तरी केवढं – मोठ्या बाई हो म्हणाल्या होत्या. पाच शब्द. माझ्यासारख्या वक्त्याला पाच शब्द! मी तोंड उघडलं, आणि ती थांबली. तिला थांबता येतं. मला कधी आलं नाही, तिला येतं. बराच वेळ ती माझ्याकडं बघत थांबली. मग मी म्हणालो, "बरं. मी बोलतो."

आणि बोललो. चांगलं बोललो. सुजाता माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होती, पुस्तकांच्या कपाटाकडं बघत. समितीनं लगेच होकार दिला, चहा मागवला, एकानं तर माझ्या पाठीवर थापही मारली.

बाहेर आल्यावर ती हसत होती. पायरीवर बसून चप्पल घालता घालता म्हणाली, "बघा, पप्पा. न्हाई बोलले मी... म्हणून घेतलं."

मी हो म्हणालो.